जुलाब-उलट्या घरी सांभाळताना: पाण्याचा हिशेब

वाचायला बसण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन दोन गोष्टी शोधून ठेवा. एक, ज्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं अशी बाटली किंवा भांडं. दुसरी, ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यातून पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या मोजून भरलेल्या पावडरीची, पुडी. पुडी नसेल तर उद्या औषधाच्या दुकानातून चार आणा आणि मीठ-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवा. पहाटे तीनला पोराचं पोट बिघडलं तर दुकान उघडं मिळत नाही.

मी आरोग्यसेविका म्हणून सत्तावीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी घाटाखालच्या एका उपकेंद्रात. पावसाळा लागला की ओढ्याचं गढूळ पाणी विहिरींत उतरायचं आणि आठवड्याभरात वस्तीवरून निरोप यायचे, ‘ताई, पोराला ढाळ लागलेत.’ अशाच एका घरी मी पोचले तेव्हा आजीनं एक लिटरची अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवून नातवाला पाजली होती. लवकर गुण यावा म्हणून. पोराची तहान काही केल्या भागेना, अंग तापलेलं, चिडचिड थांबेना. तालुक्याला न्यावं लागलं. तो वाचला. आजीच्या मायेत काही कमी नव्हतं. आदल्या दिवशी ती पुडी मीच दिली होती आणि देताना ‘पाण्यातून पाजा’ एवढंच म्हणाले होते. किती पाण्यातून, ते सांगितलं नव्हतं. त्यानंतर बाटली दाखवल्याशिवाय मी कोणाच्या हातात पुडी ठेवली नाही. या लेखाची सुरुवातही म्हणूनच बाटलीपासून केली.

आधी हे समजून घ्या

दिवसभरात तीन किंवा जास्त वेळा पातळ संडासला झालं की त्याला जुलाब म्हणायचं. अंगावर पिणारं तान्हं बाळ दिवसातून सहा-सात वेळा पिवळी, पातळसर शी करतं, बाळ हसतंखेळतं असतं, वजन वाढत असतं. तो आजार नाही. नेहमीपेक्षा वेगळं, जास्त पाण्यासारखं आणि जास्त वेळा होऊ लागलं तर तो आजार.

घरात जुलाब सुरू झाले की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, थांबवायला काय देऊ? बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात, आपले आपण ओसरतात. तेवढ्या दिवसांत जिवाला धोका असतो तो अंगातून जाणाऱ्या पाण्याचा आणि मिठाचा. दहा किलोच्या बाळाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं की ते मलूल होऊ लागतं, एक लिटर गेलं की जिवावर बेततं. म्हणून घरच्यांनी विचारायचा प्रश्न असा: किती गेलं, आणि किती भरून दिलं?

नुसतं पाणी पाजून ते भरत नाही, कारण पाण्याबरोबर क्षारही गेलेले असतात. शिवाय आजारी आतडं नुसतं पाणी नीट ओढून घेत नाही. पण आतड्याच्या अस्तरात एक वाट अशी आहे जिथून मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब जोरात चालू असतानाही ही वाट बंद पडत नाही. ओआरएस चालतं ते या एका वाटेवर. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की ती वाट नीट चालत नाही. मीठ फार झालं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. साखर फार झाली तर ती आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात.

हे पाणी हॉस्पिटलबाहेर, घरच्या माणसांच्या हातून देता येतं हे जगाला दिसलं ते 1971 साली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधायला लावल्या, ते पाणी तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांकडे दिलं आणि त्यांनाच पाजायला सांगितलं. जिथे शंभरातले तीसेक दगावत होते तिथे हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आलं. 2022 मध्ये ते गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला त्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पाजणाऱ्यांत आया होत्या, भाऊ होते, शेजारी होते. वैद्यकाचं शिक्षण कोणाचंच नव्हतं.

पुडी कशी कालवायची

पुडी हातात घेतली की आधी तीवर ‘किती पाण्यात’ ते वाचा. बाजारात दोन मापं सर्रास मिळतात. मोठी पुडी, वीस-बावीस ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी असते. छोटी, चार ग्रॅमच्या आसपासची, 200 मिलीसाठी म्हणजे एका पेल्यासाठी असते. घरात एकटंच लहान मूल आजारी असेल तर छोट्या पुड्या सोयीच्या, ताजं कालवता येतं आणि वाया जात नाही.

हात साबणानं धुवा. पाणी उकळून पूर्ण निवलेलं घ्या. बाटलीत आधी एक लिटर पाणी मोजून घ्या, मग त्यात अख्खी पुडी रिकामी करा आणि विरघळेपर्यंत हलवा. मोठ्या पुडीतली थोडी थोडी पावडर पेल्यात टाकून देण्याची सवय अनेक घरांत पाहिली. ती सोडा. पुडीतले चारही घटक प्रत्येक चमच्यात सारख्या प्रमाणात येत नाहीत आणि डोळ्यांचा अंदाज दर वेळी वेगळा पडतो. दुधात, चहात, फळांच्या रसात किंवा सोड्यात कालवायचं नाही. वरून साखर घालायची नाही. एकदा कालवलेलं उकळायचं नाही.

चव पाहा. आसवांइतकं खारट लागलं तर ठीक. त्याहून खारट लागलं तर माप चुकलंय, ओतून द्या आणि नव्यानं करा. बाटलीवर कालवल्याची वेळ लिहून ठेवा. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

पुडीवर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं माप, असं लिहिलेलं पाहून घ्या. एका लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असं ते माप आहे. दुकानात ओआरएस मागितल्यावर रंगीत खोक्यातलं गोड पेय पुढे केलं जायचं, नावातच ‘ओआरएस’ असायचं आणि साखर मात्र मापाच्या कितीतरी पट. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरीही खोक्यावरचं नाव पाहून न घेता घटक वाचून घ्या. जुलाब लागलेल्या मुलाला तसलं गोड पेय, कोल्ड्रिंक किंवा डब्यातला ज्यूस देऊ नका.

पुडीच नसेल तर

एक लिटर उकळून निवलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा, पाच मिलीचा. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर पाच मिलीची खूण असते ती वापरा. सपाट म्हणजे वरचा ढीग सुरीच्या पाठीनं कापून काढलेला. साखर थोडी कमी पडली तर चालेल, मीठ जास्त झालेलं चालणार नाही. लिंबू पिळलंत तरी हरकत नाही. यात पोटॅशियम नसतं, म्हणून जोडीला पिकलं केळं, नारळपाणी किंवा डाळीचं पाणी द्या, आणि पुडी मिळाली की पुडीवर या.

भाताची पेज चिमूटभर मीठ घालून, पातळ ताक मीठ घालून, वरणावरचं पाणी हेही चांगलं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं पण मीठ फार कमी, त्यामुळे जोराचे जुलाब निव्वळ शहाळ्यांवर काढता येत नाहीत. पुण्या-मुंबईकडे आजारी माणसाला शहाळी नेण्याची पद्धत आहे, न्या जरूर, पण सोबत पुड्याही न्या.

किती पाजायचं

प्रत्येक पातळ संडासनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. मोठ्या माणसाला मागेल तेवढं, निदान एक ते दोन पेले. याशिवाय नेहमीचं पाणी आणि पातळ पदार्थ चालूच ठेवायचे.

बाळाला वाटी-चमच्यानं पाजा. बाटलीच्या बुचाला जंतू चिकटून राहतात, शिवाय बाटलीतून ते घटाघटा पितं आणि उलटी होते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एक दिवसही तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. आईनं काय खाल्लं म्हणून बाळाला ढाळ लागले, असं म्हणत आईला उपाशी ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यानं दूध तेवढं आटतं.

उलटी झाली की बरेच जण पाजणं सोडून देतात, ‘पोटात काही ठरतच नाही हो.’ इथेच चिकाटी लागते. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मग दर दोन मिनिटांनी एक चमचा, फक्त एक. घड्याळ समोर ठेवा. दर दोन मिनिटांनी पाच मिली म्हणजे तासाला दीडशे मिली होतात. लहान मुलासाठी ते बरंच काही आहे. अधूनमधून उलटी झाली तरी पोटात गेलेलं सगळं बाहेर पडत नाही. एकट्या आईला हे रात्रभर जमत नाही, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी पाळी लावून घ्यावी. नवऱ्यानं दोन तास, सासूनं दोन तास. उपकेंद्रात मी हे स्पष्ट सांगायचे आणि कोण कधी बसणार ते तिथेच ठरवून घ्यायचे.

भिंतीवर किंवा वहीत एक कागद ठेवा. वेळ, संडास, उलटी, लघवी, किती पाजलं. रेघा मारल्या तरी पुरे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ‘किती वेळा?’ विचारतात तेव्हा झोप न झालेल्या माणसाला काही आठवत नाही. तो कागद सगळं सांगतो.

पाणी कमी पडतंय हे कसं ओळखायचं

दर दोन तासांनी पेशंटकडे नीट बघा. लघवी हा सगळ्यात सोपा काटा आहे. सहा-आठ तासांत लघवीच नाही, किंवा झाली ती गडद पिवळी आणि थोडीशी, तर पाणी मागे पडलंय. तोंड, जीभ कोरडी आहे का? मूल रडताना डोळ्यांतून पाणी येतंय का? डोळे खोल गेलेत का? हे आईला विचारावं, तिला आपल्या लेकराचा चेहरा रोजचा माहीत असतो. वर्षाआतल्या बाळाची टाळू बोटानं हलकेच पाहा, खोलगट लागली तर ती खूण आहे.

आणि पोटावरचा चिमटा. बेंबीच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीत कातडी उभी धरून उचला आणि सोडा. निरोगी मुलाची कातडी लगेच सपाट होते. सावकाश बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर फार कमी झालंय. म्हाताऱ्या माणसांची कातडी मुळातच सैल असते, फार रोड मुलाचीही तशीच, त्यांच्यात या चिमट्यावर विसंबू नका.

वागण्याकडेही लक्ष द्या. चिडचिड, अस्वस्थपणा, पाणी दिसलं की पेल्यावर झडप घालणं ही मधली पायरी. या पायरीवर मुलाला वजनाच्या किलोमागे 75 मिली ओआरएस चार तासांत देतात. दहा किलोच्या मुलाला 750 मिली, म्हणजे दर पाच मिनिटांनी तीन चमचे. हे शक्यतो उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांच्या नजरेखाली करावं, कारण चार तासांनी पुन्हा तपासून पुढचं ठरवायचं असतं. दवाखाना दूर असेल तर वाट पाहत बसू नका, निघण्याच्या तयारीत असतानाच पाजायला लागा.

मूल सुस्त झालं, हाक मारल्यावर डोळे उघडेना, पाणी तोंडातून ओघळू लागलं, तर पाजत बसण्याची वेळ गेली. 108 ला फोन करा. त्याला सलाईन लागणार आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं.

खायला काय

‘पोटाला आराम द्या’ म्हणून लंघन घडवण्याची आपली जुनी रीत. मोठ्या माणसाला एखादा दिवस खावंसं वाटलं नाही तर राहू द्या. लहान मुलाला मात्र उपाशी ठेवू नका. आतड्याचं अस्तर भरून यायला अन्नच लागतं, आणि मुळात हडकुळं असलेलं पोर एका आजारपणात आणखी खंगतं.

मऊ भात, तुपाचा थेंब घातलेली मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, कोकणात पेज, देशावर कण्या. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. तेल-तूप पूर्ण बंद करायची गरज नाही. तळलेलं, झणझणीत आणि फार गोड तेवढं टाळा. वरचं दूध प्यायल्यावर जुलाब वाढताहेत असं वाटलं तर थोडे दिवस दुधाऐवजी दही-ताक द्या. बरं झाल्यावर दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जादा द्या.

औषधं

सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज एक वेळ, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. झिंकनं आजाराचे दिवस कमी होतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे ही गोळी ओआरएसबरोबर फुकट मिळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्या फडताळात पडून राहतात. चौदाच्या चौदा संपवा.

लोपेरामाइडसारख्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना अजिबात देऊ नका. त्या आतड्याची हालचाल मंदावतात, आजार आतच राहतो, पोट फुगतं. मोठ्यांनीही ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर घेऊ नयेत. दुकानदारानं हातावर ठेवलेली प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) पट्टीही नको. विषाणूवर ती चालत नाही आणि स्वतःच जुलाब वाढवू शकते. शौचातून रक्त पडत असेल, रक्ती आव असेल, तिथे प्रतिजैविक लागू शकतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

ताप असेल तर पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबानं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या अंगदुखीच्या गोळ्या अंगातलं पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा करतात, त्या टाळा.

जायफळाबद्दल मला नेहमी विचारतात. सहाणेवर एक-दोन वेढे उगाळून देण्याची पद्धत घराघरांत आहे आणि आज्यांच्या हातगुणावर माझा राग नाही. पण जायफळ जास्त झालं की गुंगी येते. आजारी बाळ सुस्त झालं तर ते पाणी कमी पडल्यानं की जायफळानं, हे ओळखताच येत नाही, आणि तेवढ्यात मौल्यवान तास निघून जातात. म्हणून बाळाला नको. अफूचा अंश असलेली किंवा कशाची आहे ते माहीत नसलेली गुटी तर नकोच नको.

घरात म्हातारं माणूस असेल तर

मुलांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, आजोबा मात्र ‘दोनतीनदाच झालं’ म्हणत अंथरुणात पडून राहतात. वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते. संडासला परत जावं लागेल म्हणून बरेच वृद्ध मुद्दामच पाणी पीत नाहीत. उठताना चक्कर येऊन पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यांच्या उशाशी पेला ठेवून भागत नाही, समोर बसून पाजावं लागतं. रात्री संडासला जाताना सोबत जा.

त्यांच्या रोजच्या गोळ्यांचा डबा काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या जुलाब चालू असताना त्रास देऊ शकतात. कोणती दोन दिवस थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची हे डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं सगळ्या बंद करू नका. इन्सुलिन तर मुळीच मनानं बंद करायचं नाही. जेवण कमी आणि साखरेची गोळी तीच, असं झालं तर साखर एकदम उतरते, म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर दिवसातून तीन-चार वेळा तपासा.

‘मधुमेह आहे, साखरेचं पाणी कसं देऊ?’ असं विचारणारे पुष्कळ. नीट कालवलेल्या ओआरएसच्या पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा ग्लुकोज नसतं. द्या. रक्तदाब आहे म्हणून मिठाची भीती वाटते, पण जे मीठ गेलंय तेच आपण परत देतोय. हृदय कमजोर आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, अशा माणसाला मात्र किती पाजायचं ते आधी विचारून घ्या.

घरात वजनकाटा असेल तर सकाळ-संध्याकाळ वजन करा. एक-दोन दिवसांत उतरलेलं वजन म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच असतं. साठ किलोच्या माणसाचं तीन किलो उतरलं म्हणजे तीन लिटर गेलं.

केव्हा निघायचं

दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब झाले तर घरी उपाय करत बसू नका, दाखवा. बाकीच्यांत शौचातून रक्त, चमचा-चमचा पाजूनही काहीच न ठरणं, हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणं, आठ तास लघवी नाही, जोराचा ताप, झटका, सुस्ती, तीन दिवसांत उतार नाही, यांतलं एकही दिसलं तर निघा. गरोदर बाई आणि मुळात अशक्त मूल यांच्या बाबतीत आधीच निघा.

तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब एकामागून एक होऊ लागले, पायांत गोळे आले, तर पटकीची शंका घ्यायची. धडधाकट माणूसही त्यात काही तासांत संपू शकतो. आपल्याकडे गावोगाव मरीआईची ठाणी आहेत ती या आजाराच्या आठवणीनं, इतकी माणसं त्यानं नेली. रात्र असो, पाऊस असो, गाडी काढा. वाटेत पाजत राहा. कागद आणि चालू औषधं सोबत घ्या.

आळीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब सुरू झाले, किंवा लग्नाच्या पंगतीनंतर अनेकांना उलट्या लागल्या, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. पाण्याचा नमुना तपासायला घेणं, विहिरीत टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची पावडर) टाकणं, जलवाहिनी कुठे फुटलीय ते शोधणं हे तुमच्या एका फोननं सुरू होतं.

बरं झाल्यावरही दोन-तीन आठवडे

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गुलेन-बॅरी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू मिळाला. दूषित पाण्यावर संशय होता. पोट बरं होतं आणि मग एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, जिना चढताना पाय उचलत नाही, अशक्तपणा वर सरकत जातो. हे क्वचित होतं. पण जुलाबानंतर पाय लुळे वाटू लागले तर ‘आजारपणाचा थकवा’ म्हणून झोपून राहू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा, कारण हा अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो.

दीड महिन्याच्या बाळापासून रोटाव्हायरसची लस मिळते, तोंडावाटे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांला. 2016 पासून ती सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली आणि आता सगळीकडे फुकट आहे. तिच्यातला एक प्रकार पुण्यातच बनतो. बाळाच्या कार्डावर तिची नोंद आहे का, आजच पाहा.

पाणी खळखळ उकळू लागल्यावर निदान मिनिटभर तसंच उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून निववा. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. चार पदरी फडक्यानं गाळून कचरा जातो, जंतू जात नाहीत. माठात हात बुडवायचा नाही, लांब दांड्याचा ओगराळा ठेवा. क्लोरीनचं द्रावण वापरत असाल तर बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबून मगच प्या. गावात नळाच्या पाण्याची ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते थेंब टाकून पाहणं, होते का, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं दिसतं का, हे गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आजारी बाळाची शी गटारात किंवा उकिरड्यावर टाकू नका, संडासात टाका. दुपटी वेगळी धुवा, धुतल्यावर हात साबणानं कोपरापर्यंत धुवा, आणि मगच पुढची ओआरएसची बाटली कालवायला घ्या.